मधल्या खाचेतला टॉर्च

१

दौलतचं तेरावं होऊन तीन दिवस झाले होते. आमच्याकडे पोळ्या करणारी त्याची बायको कलावती त्या सकाळी पहिल्यांदाच कामावर आली, पण कणकेच्या डब्याकडे गेली नाही. ती सरळ बाहेरच्या खोलीत गेली आणि आमच्या ह्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"काका, तुम्हाला टॉर्चमधलं सगळं कळतं ना?"

गुरुदत्तांनी चष्मा वर केला. त्यांना टॉर्चमधलं कळतं हे आमच्या डोंबिवलीच्या अख्ख्या सोसायटीला माहीत आहे आणि निम्मी सोसायटी त्यावर हसते. ठाण्याच्या एका दिव्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात तीस वर्षं काढून हा माणूस निवृत्त झाला. लोक निवृत्तीनंतर देवधर्माला लागतात, हे टॉर्चला लागले. आमच्या कपाटात साड्या कमी आणि टॉर्च जास्त आहेत. प्रत्येकाचं कंपनीनुसार, स्विचनुसार परीक्षण लिहून ते इंटरनेटवर टाकतात. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी काढते, कारण मी शाळेत विज्ञान शिकवलं असलं तरी माझा राग मराठीच्या बाबतीत जास्त पेटतो.

"बसा आधी," ते म्हणाले. "काय झालं?"

कलावती बसली नाही. तिनं पदराखालून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

दौलत गुरव, तिचा नवरा, मानपाड्याकडच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. बावीस वर्षांची नोकरी. त्या मंगळवारी दुपारच्या पाळीत, चारच्या सुमारास, ज्वालाग्राही सॉल्व्हंटनं धुतलेल्या टाकीच्या झाकणातून तळाशी गाळ राहिलाय का ते बघायला तो वाकला. टाकीत वाफ होती, भडका उडाला. तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात वारला. हे सगळं आम्हाला माहीत होतं. कागदावर काय आहे ते माहीत नव्हतं.

मी तो वाचला. अशा टाकीपाशी फक्त कारखान्याचा ठिणगीरोधक टॉर्च वापरायचा, असा नियम आहे. दौलतनं नियम मोडून स्वतःचा घरगुती टॉर्च वापरला. त्याच्या बटणाच्या ठिणगीनं भडका उडाला. तो टॉर्च टाकीशेजारी सापडला असून पत्नीनंच तो त्याला भेट दिला होता. खाली 'मान्य' असं लिहून कलावतीनं सही करायची होती, शुक्रवारी अकरा वाजता, चौकशीच्या बैठकीत.

"टॉर्च तुझाच आहे?" मी विचारलं.

"हो काकू. पितळेचा, दोन सेलवाला. यांच्या गावच्या घरी तसाच होता म्हणून कल्याणच्या बाजारात हिंडून हिंडून मी शोधला. रात्री पाळी सुटल्यावर मागच्या गल्लीत दिवे नसतात ना. बटण जरा ढिलं निघालं, पिशवीत आपोआप लागायचा, तर हे सेल फिरवून ठेवायचे. म्हटलं बदलून घेऊ, तर नाही म्हणाले. तुझ्या हातचा आहे, म्हणाले." मग तिनं गुरुदत्तांकडे सरळ बघितलं. "सहीचं काय ते मी बघेन. तुम्ही मला एवढंच खरं सांगा. माझ्या टॉर्चनं मारलं का त्यांना?"

गुरुदत्त कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत. लग्नाच्या अडतीस वर्षांत मला त्याचा पुष्कळ त्रास झाला आहे.

"असू शकेल," ते म्हणाले. "बघावं लागेल."

२

क्षिप्रा वर्तक त्याच कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे आणि कधीकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. मी फोन केला तेव्हा ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती संध्याकाळीच घरी आली. चहा तिनं घेतला नाही, कप नुसता हातात धरून बसली.

"बाई, मला झोप नाहीये," ती म्हणाली. "आमच्याकडे ठिणगीरोधक टॉर्च दोनच. एक त्या दिवशी दुसऱ्या शेडमध्ये होता. दुसऱ्याचं रबर फाटलं होतं, म्हणून मीच त्याला लाल चिठ्ठी लावून कपाटात कुलपात टाकला. नवीन मागवा म्हणून दोनदा लिहिलंय. पण शेवटी मंगळवारी दौलतकाकांच्या हाताशी टॉर्च नव्हता तो माझ्यामुळे. म्हणून त्यांनी स्वतःचा काढला असणार."

"कपाटाची किल्ली?" गुरुदत्तांनी विचारलं.

"माझ्याकडे. मी त्या दिवशी तीन वाजताच कल्याणला मीटिंगला गेले होते."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा संशय आला. दौलतची चूक ठरली तर कुलपाचा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं, आणि पहिल्या बाकावरची मुलंसुद्धा खोटं बोलतात हे मी अनुभवानं सांगू शकते. पण तिनं स्वतःहून मोबाइल पुढे केला.

"हा जागेचा फोटो. साडेचारला, आग विझल्यावर एकानं काढून मला पाठवलेला. टॉर्च मग तिथेच पोलिसांसमोर मोहोरबंद केला. सील अजून तसंच आहे."

फोटोत जाळीचं लोखंडी मचाण होतं, टाकीचं उघडं झाकण होतं आणि वीतभर अंतरावर आडवा पडलेला पितळी टॉर्च. गुरुदत्तांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"सुमेधा, जुन्या टॉर्चच्या सरकत्या बटणाला किती जागा असतात?"

"दोन. चालू आणि बंद."

"तीन," ते म्हणाले. त्यांनी कपाटातून तसाच एक पितळी टॉर्च काढला आणि क्षिप्राच्या हातात दिला. "मागे ओढलं की बंद. पार पुढे ढकललं की चालू, तसाच चालू राहतो. आणि मधे एक खाच आहे. तिथे ठेवलं तर उजेड पडत नाही. वरचं लाल बटण दाबून धराल तेवढाच वेळ पडतो. खुणा करायला ठेवलेली सोय आहे ती."

क्षिप्रानं करून बघितलं. मधल्या खाचेत बटण टक्‌ करून बसलं आणि टॉर्च लागला नाही.

"फोटोत ते कुठे आहे, बघ."

तिनं बघितलं. मीही बघितलं. बटण मधल्या खाचेत होतं.

"टाकीचा तळ बघायला वाकलेला माणूस," गुरुदत्त सावकाश म्हणाले, "टॉर्च मधल्या खाचेत कशाला ठेवील?"

"लाल बटण दाबून बघत असतील," क्षिप्रा म्हणाली. "आणि ठिणगी तर त्यानंही पडते."

"पडते," त्यांनी कबूल केलं. "म्हणून यानं काही सिद्ध होत नाही. त्या वेळी टाकीपाशी आणखी कोण होतं?"

"खाली संदेश घाडीगावकर, हेल्पर. आणि शिफ्ट इनचार्ज अनिमेष टिपणीस, पण ते केबिनमध्ये होते म्हणतात." तिनं टॉर्च टेबलावर ठेवला. "संदेशनं जबाब दिलाय. दौलतकाकांच्या हातात हाच टॉर्च त्यानं पाहिला म्हणून."

३

संदेश कळव्याला राहतो. गुरुवारी त्याची सुट्टी होती. दार त्यानंच उघडलं आणि कलावतीचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला. तो आणि दौलत एकाच तालुक्यातले, पंधरा वर्षं डबा एकत्र खाल्लेला. तरी तेराव्याला तो फिरकला नव्हता, हे कलावतीनं मला दोनदा सांगितलं होतं. माणूस दोषी असल्याशिवाय इतका लांब राहत नाही, असं मी वाटेत गुरुदत्तांना ऐकवलं होतं. त्यांनी रिक्षातून बाहेर बघत "हं" एवढंच केलं होतं. हा "हं" मला फार चीड आणतो.

"वहिनीला तोंड कुठल्या तोंडानं दाखवू?" संदेश म्हणाला. "टाइप केलेला कागद होता. ऑफिसात बोलावून सही घेतली. वाचून दाखवतील म्हटलेलं, कोणी दाखवला नाय."

"कागद राहू द्या. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते सांगा," गुरुदत्त म्हणाले.

"मी खाली व्हॉल्व्हजवळ उभा होतो. वर गेलेलोच नाय. दौलतदादा मचाणावर, मला त्याची पाठ दिसत होती फक्त."

"मग टॉर्च कसा दिसला?"

"टॉर्च नाय, उजेड दिसला. आमची शेड दिवसापण अंधारी असते. दादानं टॉर्च वर करून लावून बघितला, छपराच्या पत्र्यावर गोल पडला. आधी नुसती फडफड झाली, लग्नाच्या डीजेला लायटी मारतात ना, तशी. दादा म्हणाला, 'च्यायला, हे काय!' मी हसलो पण. मग दोन-तीनदा काय काय केलं त्यानं, नि नीट लागला. मग तो खाली वाकला." पुढचं त्याला सांगवेना आणि आम्ही विचारलं नाही.

मग गुरुदत्तांनी विचारलं, "पत्र्यावरचा गोल कसा होता? रंग?"

"पांढरा. एकदम पांढराफेक."

"आणि दौलतचा पितळी टॉर्च तुम्ही पाहिलाय ना? त्याचा उजेड?"

"त्याचा पिवळा. जुना बल्ब ना. गल्लीतून जाताना मी हसायचो त्याला, म्हणायचो, दादा, याच्यापेक्षा उदबत्ती..." तो बोलता बोलता थांबला. त्यालाच ते आता कळलं असावं. "काका, तो टॉर्च दादाचा नव्हताच!"

"निदान उजेड तरी त्याचा नव्हता," गुरुदत्त म्हणाले. "भडका उडाल्यावर वर पहिला कोण गेला?"

"टिपणीस साहेब. आम्ही सगळे दादाला उचलून गेटवर गाडीपाशी नेत होतो, ते मागं थांबले. आग विझवायला थांबले असं वाटलेलं."

परतताना गुरुदत्त रिक्षात माझ्या शेजारी बसले. मला वाटलं खूश असतील. गुंता सुटायला लागला की हे शीळ घालतात. आज शीळ नव्हती.

"फडफडणारा टॉर्च म्हणजे नवा, एलईडीचा," मीच सुरुवात केली. "आणि दौलतला तो लावता येत नव्हता, म्हणजे तो पहिल्यांदाच हातात घेतलेला, दुसऱ्या कुणाचा तरी. बरोबर?"

"बरोबर."

"मग एवढं तोंड पाडायला काय झालं?"

घरी पोचल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आधी कपाट उघडलं. तिसऱ्या खणातून काळा, बोटभर जाडीचा एक टॉर्च काढून माझ्या हातात दिला. ओर्विक कंपनीचा. "लाव."

मला बटण बाजूला सापडेना. ते मागच्या टोकाला होतं. मी दाबलं आणि खोलीभर पांढरी फडफड सुरू झाली, डोळ्यांत घुसणारी.

"शंभरएक टॉर्च मी हाताळले असतील," ते म्हणाले. "पहिल्याच दाबाला फडफडणारा हा एकच. प्रत्येक नवख्याची हीच गत होते. दोन वर्षांपूर्वी याच्यावर मी लिहिलं होतं, आठवतंय?"

मला आठवत होतं, कारण त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले होते. स्विच वाईट म्हणून त्यांनी दोन गुण कापले होते. उजेडाला पैकीच्या पैकी. शेवटचं वाक्य होतं, 'कारखान्यात काम करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावा.'

खाली वाचकांचे अभिप्राय होते. गुरुदत्तांनी ते मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरले. तिसरा अभिप्राय असा होता: 'सर, तुमचं वाचून मागवला. फडफडीचा वैताग आहे पण उजेड एक नंबर. आता कायम खिशात असतो.' नाव होतं, अनिमेष टिपणीस, डोंबिवली पूर्व.

४

शुक्रवारी सकाळी कलावती तयार होऊन आमच्याकडे आली. गुरुदत्तांनी तिला समोर बसवलं. मीही बसले, कारण त्यांना अशी बोलणी एकट्यानं जमत नाहीत.

"तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, दौलत सेल फिरवून ठेवायचा. म्हणजे नक्की काय करायचा?"

"एक सेल उलटा घालायचे, काका. गावाकडे सगळे तसंच करतात. प्रवासात पिशवीत बटण ढकललं गेलं तरी टॉर्च लागत नाही, सेल उतरत नाहीत. कारखान्यातून निघताना सरळ करायचे."

"रोज?"

"रोज. घरून दोन वाजता निघायच्या आधी." मग तिलाच शंका आली. "पण त्या मंगळवारी मी बघितलं नाही. मी तेव्हा इथे तुमच्या पोळ्या करत होते."

"आता नीट ऐका," गुरुदत्त म्हणाले. "एक सेल उलटा असला की दोन सेल एकमेकांना मारतात. वीज वाहत नाही. उजेड नाही, ठिणगी नाही, काही नाही. टॉर्चवर अजून सील आहे. आत सेल उलटा असेल, तर तुमच्या टॉर्चनं दौलतला काही केलेलं असणं शक्यच नाही. तो दौलतच्या कारखान्यातल्या लॉकरमधल्या पिशवीतून दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवला. पण सेल सरळ असतील..."

"तर?"

"तर संदेशनं पाहिलेला उजेड एवढाच आपल्या हातात राहतो, आणि त्यानं उलट सही केलेली आहे. मग तो टॉर्च तुमचा नव्हता असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कुणीच सांगू शकणार नाही, कधीच. न उघडता नुसती सही नाकारूनही येता येईल. मग निदान शंकेचा फायदा तुमच्याकडे राहील."

मला त्यांचा राग आला. हे सगळं तिच्यापुढे इतकं सोलून ठेवायची काय गरज होती? पण कलावतीनं फार वेळ घेतला नाही.

"शंका घेऊन मी किती वर्षं जगू, काका? उघडायला सांगा."

५

बैठकीच्या खोलीत मॅनेजर होते, क्षिप्रा होती, टेबलाच्या टोकाला अनिमेष टिपणीस. पस्तिशीचा, सडपातळ, दाढी वाढलेली. आम्ही आत गेलो तसा तो उठून उभा राहिला. "पाटणकर सर? तुम्ही इथे?" त्याच्या आवाजात खरोखरचा आदर होता आणि तो ऐकून गुरुदत्तांचा चेहरा आणखी उतरला.

"कलावतीबाईंबरोबर आलोय," ते म्हणाले. "टिपणीस, एक छोटं काम कराल? हा जरा लावून दाखवा."

त्यांनी आमच्या घरचा पितळी टॉर्च टेबलावरून पुढे सरकवला. अनिमेषनं तो उचलला. त्याचा अंगठा आधी गेला तो टॉर्चच्या मागच्या टोकाला. तिथे नुसतं झाकण होतं. मग त्याला सरकतं बटण दिसलं. त्यानं ते ढकललं, टक्‌ असा आवाज आला, आणि तो थांबला. टॉर्च लागला नव्हता.

"सेल गेलेत बहुतेक," तो म्हणाला.

क्षिप्रानं झटकन माझ्याकडे बघितलं. फोटोतल्यासारखंच बटण मधल्या खाचेत होतं.

"सेल नवे आहेत. मागच्या टोकाला बटण शोधायची सवय नव्या टॉर्चवाल्याची," गुरुदत्त म्हणाले. "माणूस विसरतो, अंगठा विसरत नाही. मॅनेजरसाहेब, आता तो पुरावा उघडा. सर्वांसमोर."

मॅनेजर कुरकुरले. क्षिप्रा म्हणाली की सेफ्टी ऑफिसर म्हणून ती उघडायची लेखी मागणी करते, आणि लगेच कागद ओढून लिहायलाही लागली. शेवटी पिशवी आली. मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून सील तोडलं. क्षिप्रानं टॉर्चचं मागचं झाकण फिरवलं. कलावतीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

पहिला सेल घसरून टेबलावर आला. टोक पुढे, सरळ. कलावतीच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. मला टेबलावरून नजर वर करवेना.

क्षिप्रानं टॉर्च हलवला. दुसरा सेल अडकला होता. तिनं टॉर्च तळहातावर आपटला, तेव्हा तो बाहेर आला. त्याचं सपाट बूड पुढे होतं आणि टोक मागे. उलटा.

गुरुदत्तांनी दोन्ही सेल जसे निघाले तसेच पुन्हा टॉर्चमध्ये भरले, बटण पार पुढे ढकललं, लाल बटणही दाबलं. काही झालं नाही. एक सेल फिरवून सरळ घातला, तर भिंतीवर मंद पिवळा गोल पडला.

"बल्ब चांगला, सेल चांगले. हा टॉर्च त्या दुपारी लागला नव्हता आणि लागू शकत नव्हता," ते म्हणाले. "स्वतःच सेल उलटा ठेवलेला माणूस तो सरळ केल्याशिवाय टाकीत वाकेल का? हा इथे आणून ठेवणाऱ्याला ही पद्धत माहीत नव्हती. संदेशला ती माहीत आहे, तो याच टॉर्चच्या उजेडात रोज घरी जायचा. क्षिप्रा तेव्हा कल्याणला होती." मग ते अनिमेषकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुमचा ओर्विक कुठे आहे, टिपणीस? कायम खिशात असतो ना?"

अनिमेष बसला. बोलायला लागला तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता.

"पुढची बॅच खोळंबली होती. मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे, माझा घ्या. भडका उडाल्यावर मी वर गेलो, तर माझा टॉर्च तिथे पडलेला, अर्धा वितळलेला. मला दुसरं काही सुचलं नाही. लॉकरला कुलूप नव्हतं. त्यांची पिशवी तिथे होती." त्यानं डोळे पुसले. "मला वाटलं, ते गेले. म्हटलं, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो. संध्याकाळी कळलं की जिवंत आहेत. तीन दिवस मी रोज हॉस्पिटलात जात होतो. ते शुद्धीवर येऊन बोलावेत असं वाटायचं, आणि बोलू नयेत असंही वाटायचं."

मॅनेजर पोलिसांना फोन लावायला बाहेर गेले. मला वाटलं होतं, कलावती अनिमेषवर तुटून पडेल. मी तिच्या जागी असते तर पडले असते.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही टॉर्च दिलात तेव्हा ते काही बोलले?"

अनिमेषनं मान खाली घातली. "म्हणाले, सेफ्टीवाला आणू का? पलीकडच्या शेडमध्ये आहे, पाच मिनिटं लागतील."

"मग ते लिहा कागदावर. सगळ्यात वर लिहा."

त्यानं लिहिलं. क्षिप्रानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कलावतीनं दोनदा ऐकून घेतलं.

आम्ही फाटकापाशी आलो तेव्हा ऊन कडक होतं. पहारेकऱ्याच्या खोलीजवळ सिमेंटचा बाक होता. गुरुदत्त तिथे थांबले आणि त्यांनी कलावतीला हाक मारली. ते काय सांगणार हे मला ठाऊक होतं आणि त्यांनी ते सांगू नये असं मला मनापासून वाटत होतं.

"कलावतीबाई, तो काळा टॉर्च कारखानेवाल्यांनी डोळे झाकून घ्यावा, असं मी लिहिलं होतं. कुठे वापरू नये, हे एका ओळीनंही लिहिलं नाही. टिपणीसनं माझंच वाचून..."

"काका," ती मधेच म्हणाली, "ते आता तुम्ही सुरू करू नका. इतके दिवस मी तेच केलं. उठता-बसता एकच, मी मारलं, मी मारलं. सगळं रडणं माझंच माझ्यासाठी. त्यांच्यासाठी रडायचं राहूनच गेलं."

ती बाकावर बसली. पदर तोंडाशी नेला आणि "अहो" अशी एकच हाक मारली, जणू ते शेडमधून निघून फाटकाकडेच येत होते. मग ती रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. गुरुदत्त तिच्यावर सावली पडेल असे उन्हात उभे राहिले, आणि तिचं होईपर्यंत आमच्यापैकी कुणी निघायचं नाव काढलं नाही.